चावीवाल्याची कानस

सिकंदराबाद स्थानकाबाहेर साखळी-कुलूप विकणारा फेरीवाला हटकून भेटतो. खांद्यावर साखळ्यांचा भारा, बोटांत अडकवलेली छोटी चकचकीत कुलपं. देवगिरी किंवा पुण्याची शताब्दी पकडायच्या घाईतला प्रवासी दोन मिनिटं घासाघीस करतो, एक जोडी घेतो आणि निर्धास्त होऊन आत जातो. तिथून मोंडा मार्केटकडे किंवा राष्ट्रपती रोडने राणीगंजकडे चालत गेलं की या धंद्याचं दुसरं टोक दिसतं. एखाद्या दुकानाच्या पायरीशी लाकडी पेटी, दोरीला ओवलेल्या कोऱ्या चाव्यांच्या माळा, छोटा व्हाइस, आणि मागे कानस घेऊन बसलेला चावीवाला.

घरासाठी कुलूप घ्यायचं असेल तर दुकानात जाण्याआधी या माणसाशी बोलावं, असं माझं ठाम मत आहे. दुकानदाराला कुलपाची किंमत आणि वॉरंटी माहीत असते. ते कुठे दगा देतं, हे ज्याला लोक अर्ध्या रात्री बोलावून नेतात त्यालाच माहीत असतं.

दख्खनमधल्या कित्येक शहरांत हे काम शिकलगार शीख करतात. शस्त्रं घडवणं, तलवारींना धार आणि झिलई देणं हा त्यांचा परंपरेचा व्यवसाय. तलवारी गेल्या, पण धातूची जाण गेली नाही. तीच कढया, चाळण्या आणि चाव्यांकडे वळली. गुरू गोविंदसिंगांचं १७०८ साली नांदेडला निधन झालं, आणि ते नांदेड पुढे हैदराबाद संस्थानातलंच. आजही नांदेड आणि सिकंदराबाद यांच्यामध्ये रात्रीच्या एका गाडीचं अंतर आहे. सिकंदराबादच्या रस्त्यांवर शिखांच्या जोडीला मुसलमान आणि इतर समाजांतले कारागीरही दिसतात. बहुतेकांनी हा हुन्नर वडिलांच्या किंवा मामाच्या पेटीशेजारी बसूनच उचललेला असतो.

दार बंद आणि चावी हरवलेली, अशा वेळी त्याचं काम बघत उभं राहावं. तो आला की पहिला प्रश्न दख्खनीत येतो, "घर आपकाच है ना?" मग शेजारच्या दारातल्या माणसाकडे एक नजर टाकतो. तुम्हाला कोणी ओळखतं का, याची ती खातरजमा असते. ती करून न घेणारा चावीवाला मी दारात उभा करणार नाही, तो कितीही स्वस्त असला तरी.

खातरजमा झाली की तो भोकाच्या आकाराशी जुळणारी कोरी चावी निवडतो, पक्कडीत घट्ट धरतो, आत घालतो आणि फिरवण्याचा जोर तसाच ठेवून किंचित वरखाली हलवतो. बाहेर काढून उजेडाकडे तिरपी धरतो. पितळेवर डोळ्यांना जेमतेम दिसतील असे एक-दोन चकाकते ठिपके उमटलेले असतात. आतली पिन जिथे घासली तिथला तो ठिपका. तेवढ्याच जागी कानशीचा एक हात, फार तर दोन. चावी पुन्हा आत, पुन्हा जोर, पुन्हा बाहेर. एका खाचेत ठिपका उमटायचा थांबला की ती पिन जागेवर पोचली. मग दुसरी, तिसरी. कानस केसभर जास्त चालली तर खाच खोल जाते, पिन रेषेखाली उतरते आणि चावी फुकट जाते. म्हणून तो घाई करत नाही, आणि आपणही त्याला घाई लावू नये. शेवटी चावी फिरते ती कसलाही आवाज न करता, आणि दाराला ओरखडासुद्धा नसतो.

हे जमतं, कारण कुलपाची रचनाच तशी आहे. आपल्या लॅचमध्ये बहुधा जी पद्धत असते तिला आजचं रूप दिलं ते अमेरिकेतल्या लायनस येल (धाकटे) यांनी, १८६०च्या दशकात. प्रत्येक पिन दोन तुकड्यांची, वरून स्प्रिंगचा दाब. योग्य चावी गेली की सगळे सांधे एका रेषेत येतात आणि आतला दांडा फिरतो. लिव्हरचं कुलूप वेगळं. त्यात पितळी पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. चावीच्या दात्यांनी प्रत्येक पट्टी नेमक्या उंचीवर उचलली तरच खिट्टीला वाट मिळते. पट्टी कमी उचलली तरी अडते, जास्त उचलली तरी अडते. ही दोन्हीकडून अडवण्याची युक्ती इंग्लंडच्या रॉबर्ट बॅरनची, १७७८ सालची. अशा कुलपाला चावीवाला कोऱ्या पात्यावर मेणबत्तीची काजळी धरतो आणि पट्ट्यांनी ती कुठे पुसली ते वाचतो. कुलूप दारातून काढता येत असेल तर काजळीचीही गरज नाही, पेटी उघडून पट्ट्याच मोजल्या की झालं.

त्याला जे जमतं ते चोरालाही जमेल, मग कुलूप कशाला? हा प्रश्न जुना आहे, आणि त्याला सर्वांत सणसणीत उत्तर मिळालं १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी. जोसेफ ब्रामाच्या कंपनीने आपलं कुलूप पिकॅडिलीतल्या दुकानात वर्षानुवर्षं ठेवलं होतं: उघडून दाखवा आणि दोनशे गिनी घेऊन जा. अमेरिकेतून आलेल्या आल्फ्रेड हॉब्जने आधी चब कंपनीचं नावाजलेलं कुलूप २५ मिनिटांत उघडलं, आणि मग ब्रामाचं, सोळा दिवसांत मिळून ५१ तास खर्चून. इंग्लंडात मोठा गहजब झाला. अशा गोष्टी उघड बोलू नयेत, चोर शिकतील, असं लोक म्हणू लागले. हॉब्जचं म्हणणं होतं की चोरांना या विद्येत आपण नवीन काही शिकवू शकत नाही, अंधारात असतो तो गिऱ्हाईक. पण मला त्यातला ५१ हा आकडा जास्त मोलाचा वाटतो. कुलूप विकत घेताना आपण वेळ विकत घेतो. घरफोड्याकडे ५१ तास नसतात. जिन्यात पावलं वाजायच्या आत त्याला आत शिरायचं असतं, आणि म्हणूनच तो कानस घेऊन चावी घडवत बसत नाही. तो कोयंडा उपटतो.

चावीवाले हेच सांगतात, आणि दुकानात हे कोणी सांगत नाही. सात-आठ लिव्हरचं महाग कुलूप आणून लोक ते ज्या कोयंड्यात अडकवतात तो दोन आखूड स्क्रूंवर उभा असतो, तेही सांध्याच्या मऊ लाकडात. एका पहारीचं काम. कडी बंद झाल्यावर स्क्रूची डोकी झाकली जातील असा कोयंडा घ्यावा, आणि जमेल तिथे स्क्रूऐवजी दारातून आरपार बोल्ट घालून आतून नट आवळावा. कुलपाची कडी जाड आणि कडक केलेल्या पोलादाची हवी, आणि बाहेर कमीत कमी उघडी दिसायला हवी, म्हणजे कटरच्या जबड्याला जागा मिळत नाही. यापुढचा पैसा लिव्हरवर घालायचा असेल तर घालावा.

लॅचचंही तसंच. दार ओढलं की टक्‌ करून लागणारी तिरकी जीभ स्प्रिंगवर असते. प्लास्टिकच्या पातळ पट्टीने ती मागे सरकवता येते. बाहेर जाताना चावी फिरवून आतला चौकोनी बोल्ट पुढे काढला तरच दार खऱ्या अर्थाने बंद होतं. हे न करणारी घरं माझ्या ओळखीत कितीतरी आहेत. दारातून आरपार जाणारा सिलिंडर असेल तर तो बाहेरच्या पट्टीच्या पुढे आलेला नसावा. पुढे आलेलं टोक पकडून तो मोडता येतो. भाड्याच्या घरात राहायला गेलात तर पूर्ण कुलूप बदलायची गरज नसते, एका स्क्रूवर सिलिंडर बाहेर येतो आणि नवा बसतो. आधीच्या भाडेकरूकडे किती चाव्या राहिल्या याचा हिशोब कोणाकडेच नसतो, त्यामुळे हा खर्च मी अनावश्यक मानत नाही.

चाव्यांच्या या हिशोबाला हैदराबादच्या परिसरात मोठा इतिहास आहे. इथून जवळच्या गोवळकोंड्याला औरंगजेबाने आठ महिने वेढा घातला. तोफा झाल्या, सुरुंग झाले, किल्ला पडला नाही. सप्टेंबर १६८७मध्ये एका रात्री अब्दुल्लाखान पणी नावाच्या किल्ल्यातल्याच सरदाराने फितूर होऊन खिडकी दरवाजा आतून उघडला आणि कुतुबशाही संपली. हत्तींना अडवणारे खिळे जडवलेले दरवाजे आजही तिथे बघायला मिळतात, ते शाबूत आहेत.

आपल्याकडे कुलपाचा कारखानदारी इतिहास १८९७पासून सांगतात. सिकंदराबादचं घंटाघर ज्या वर्षी सुरू झालं त्याच वर्षी मुंबईत लालबागच्या एका शेडमध्ये अर्देशीर गोदरेज यांनी कुलपं करायला घेतली. वकिली सोडलेला, शस्त्रक्रियेची हत्यारं बनवण्याच्या धंद्यात अपयश आलेला हा तरुण मुंबईतल्या घरफोड्यांची बातमी वाचून या कामाकडे वळला. पुढे १९२३पासून पोलादी कपाटं आली, आणि मराठी घरांत कपाटाचं नावच 'गोदरेज' पडलं. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्या विक्रोळीत गोदरेजने केल्या आणि इकडे हैदराबादच्या ऑल्विन मेटल वर्क्सनेही. प्रत्येक पेटीला बाहेरून वेगळं कुलूप लावायचं तर खर्च फार, म्हणून गोदरेजच्या पेटीत कळ आतच बसवली होती.

घराच्या दारालाही मी तेच सुचवेन. बाहेर लटकणारं कुलूप म्हणजे घरात कोणी नाही अशी लावलेली पाटी. दाराच्या अंगात बसवलेलं कुलूप बाहेरून बघणाऱ्याला काहीच सांगत नाही. दसरा आणि संक्रांतीला हे शहर अर्धं रिकामं होतं. तेलुगू कुटुंबं आंध्रात गावी जातात, आपली माणसं नांदेड, परभणी, लातूरकडे. गावाला जाताना ठाण्यात कळवून जा, असं आवाहन पोलीस अशा वेळी करतात. ते मनावर घ्यावं. दागिने घरात ठेवून तर जाऊच नये. बँकेच्या लॉकरला दोन चाव्या लागतात, एक बँकेची, एक आपली, आणि चोरी झाली किंवा आग लागली तर बँकेवर वर्षाच्या भाड्याच्या शंभर पटींपर्यंत जबाबदारी येते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२२पासून लागू आहे. शंभर पटींत सगळे दागिने भरून येतील असं नाही, पण घरच्या कपाटाच्या मागे कोणीच उभं नसतं.

रेल्वेत तर जबाबदारी जवळपास पूर्ण आपलीच. रेल्वे कायदा १९८९च्या कलम १००नुसार बुक करून पावती घेतलेलं सामान सोडलं तर, रेल्वेचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय ती भरपाईला बांधील नाही. जून २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की प्रवाशाच्या अंगावरचे पैसे चोरीला गेले तर तो रेल्वेच्या सेवेतला दोष म्हणता येणार नाही. त्या प्रवाशाने एक लाख रुपये कमरेच्या पट्ट्यात बांधले होते. तेव्हा स्थानकाबाहेरची ती साखळी जरूर घ्या, खालच्या बर्थखाली तिच्यासाठी कड्या असतात. मात्र ती बॅगेच्या स्क्रूवर बसवलेल्या हँडलमधून नेऊ नका, बॅगेला पूर्ण वेढा घालून न्या. रात्री थांब्यावर बॅग उचलून पळणाऱ्याला ती थांबवते. बॅगेच्या आतलं ती राखत नाही.

विमानाचा प्रकार आणखी निराळा. मुलांकडे अमेरिकेला निघालेले आई-बाबा इथे आता गल्लोगल्ली आहेत, आणि प्रत्येक जण लाल चौकटीची खूण असलेलं टीएसए कुलूप शोधत असतो. ही व्यवस्था २००३पासूनची: टीएसए या तिथल्या विमानतळ सुरक्षा यंत्रणेचे तपासनीस आपल्या मास्टर चाव्यांनी कुलूप न तोडता बॅग उघडतात. त्या चाव्यांचा फोटो २०१४मध्ये एका मोठ्या अमेरिकी वृत्तपत्रात छापून आला, आणि पुढच्याच वर्षी त्यावरून बनवलेल्या चाव्यांचे थ्रीडी प्रिंटरचे आराखडे जगभर पसरले. शिवाय कापडी बॅगेची चेन बॉलपेनच्या टोकाने दात फाकवून उघडता येते आणि बंद कुलपासकट चेनची मूठ फिरवली की पुन्हा जुळते. वाटेत बॅग आपोआप उघडू नये आणि तपासणीत फुटू नये एवढ्यासाठी हे कुलूप घ्यावं. औषधं, कागदपत्रं, सोनं हातातल्या पिशवीत.

राहता राहिला निगराणीचा भाग, आणि इथे आपल्या घराघरांत एक चूक चालत आली आहे. कुलूप अडलं की त्यात खोबरेल सोडतात. दोन दिवस चावी मऊ फिरते, मग तेलात धूळ बसून आत चिखल होतो. शिसपेन्सिलीच्या टोकाची पूड चावीवर घासून दोन-चार वेळा फिरवावी, किंवा ग्रॅफाइटची पूड मिळते ती वापरावी. दुसरी चावी करायची तर मशीनवर मूळ चावीच लावायची, नकलेवरून नक्कल नाही. प्रत्येक नकलेत केसभर फरक पडतो आणि तिसऱ्या पिढीची चावी ऐन पावसात अडते.

बोटाच्या ठशावर उघडणारी कुलपं नव्या अपार्टमेंटमध्ये आली आहेत. सोय मोठी आहे, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना चावी सांभाळावी लागत नाही. पण बॅटरी संपते. बऱ्याच कुलपांच्या तळाशी नऊ व्होल्टची बॅटरी टेकवायला दोन बिंदू असतात आणि झाकणाखाली साध्या चावीचं भोक; ती चावी मात्र लोक घरातच ठेवून दार ओढतात. मग राणीगंजच्या पायरीवरच्या माणसालाच फोन जातो. त्याच्या पुढच्या पिढीतले काही जण आता गाड्यांच्या चिपवाल्या चाव्यांसाठी यंत्र बाळगतात, बाकीचे कानशीवरच आहेत. दोघांपैकी कोणालाही बोलवा, पण संक्रांतीच्या आदल्या रात्री नको. आठवडाभर आधी बोलवा, दार दाखवा, कोयंडा हलवून दाखवा आणि तो काय म्हणतो ते ऐका.