ठाणे-बोरिवली: अंतर किती आणि वेळ किती?

दोन ठिकाणांमधील अंतर दोन प्रकारांनी सांगता येते. पृथ्वीच्या गोलाईवरून जाणाऱ्या जवळात जवळच्या मार्गाचे, ज्याला व्यवहारात हवाई अंतर म्हणतात, आणि प्रत्यक्ष रस्त्याचे किंवा रुळांचे. ठाणे व बोरिवली या स्थानकांमधील हवाई अंतर जेमतेम 13 किलोमीटर आहे. परंतु लोकलने दादरला गाडी बदलून गेल्यास हाच प्रवास जवळपास 50 किलोमीटरचा होतो आणि घोडबंदर रोडने गेल्यास सुमारे 23 किलोमीटरचा. या तफावतीचे कारण म्हणजे मध्ये पसरलेले, सुमारे 104 चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि त्यातील येऊर-कान्हेरीचे डोंगर. त्यांना उत्तरेकडून वळसा घालत कापूरबावडी, मानपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा असा हा रस्ता गायमुखला पोचतो आणि तेथून डोंगर व खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतून मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो.

याउलट, हवाई अंतर हेच प्रवासाचे अंतर ठरते, अशा वस्त्या उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे आहेत. कॅनडाच्या नुनावुत प्रदेशातील रेझोल्यूट आणि ग्रिस फियॉर्ड या इन्युइट लोकांच्या दोन वस्त्यांमध्ये सुमारे 380 किलोमीटर अंतर असून त्यांना जोडणारा रस्ताच नाही. सपाट नकाशावर हे अंतर फार मोठे भासते, कारण रेखावृत्ते ध्रुवाकडे एकवटत जातात आणि नकाशा मात्र ती समांतर दाखवतो. ठाण्याच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे 105 किलोमीटरचा भरतो, तर तेथे तो 28 किलोमीटरच्या आसपास येतो. आखूड धावपट्टीवर उतरू शकणारे ट्विन ऑटरसारखे छोटे विमान ताशी 270 किलोमीटरच्या आसपास वेगाने हे अंतर साधारण दीड तासात कापते. अर्थात धुके किंवा हिमवादळ नसेल तरच.

गर्दीच्या वेळी घोडबंदर रोडने बोरिवली गाठायलाही दीड तास लागू शकतो, म्हणजे वेग ताशी 15 किलोमीटरवर येतो. न्हावा-शेवा बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर आणि रोज कामावर जाणारे नागरिक यांना हा एकच रस्ता वाटून घ्यावा लागतो. गायमुख घाटात एखादा ट्रक बंद पडला, तर पर्यायी वाट जवळपास नसते. म्हणून सरासरी वेळेपेक्षा तिच्यातील अनिश्चितता अधिक जाचक ठरते, कारण कामावर वेळेत पोचायचे असणाऱ्याला रोज सर्वांत वाईट शक्यता धरूनच घर सोडावे लागते.

यावर उपाय म्हणून उद्यानाखालून जुळ्या बोगद्यांचा प्रकल्प हाती घेण्यात आला असून त्याची पायाभरणी 13 जुलै 2024 रोजी झाली. 16,600 कोटी रुपये खर्चाचा हा प्रकल्प 11.8 किलोमीटरचा असून त्यामुळे अंतर 12 किलोमीटरने आणि वेळ सुमारे एक तासाने कमी होईल, असे सरकारने सांगितले आहे. डोंगर न फोडता आणि जंगल न तोडता खालून वाट काढण्याचा विचार निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु बोगद्याचे ठाण्याकडील तोंड मानपाड्याजवळ, टिकुजिनी वाडीच्या परिसरात असल्याने तेथवर पोचण्यासाठी कासारवडवली-ओवळ्याच्या रहिवाशांना घोडबंदर रोडच वापरावा लागेल, आणि बंदराकडून येणाऱ्या अवजड वाहनांचे नियोजन झाल्याखेरीज त्यांचा वाचलेला तास बोगद्याच्या अलीकडेच खर्ची पडेल.