रानपिंगळ्याचा पत्ता

लंडनच्या वायव्येला ट्रिंग नावाचे छोटे गाव आहे. ब्रिटनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाचा पक्षिसंग्रह तिथे ठेवलेला आहे. खणांमध्ये पक्ष्यांची कापूस भरलेली कातडी ओळीने निजवलेली असतात आणि प्रत्येकाच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असते. पक्षी कुठे मिळाला, कधी मिळाला, कोणी मिळवला, एवढेच त्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. पण ही माहिती नसेल तर त्या कातड्याला शास्त्राच्या दृष्टीने फारशी किंमत उरत नाही. तिथल्या एका लहानशा घुबडाच्या पायाला अशी चिठ्ठी होती: तापीकाठचे मांडवी, ऑक्टोबर १९१४, संग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहागेन. या चिठ्ठीवरचा एकही तपशील खरा नव्हता. आणि त्यापायी आपल्या सातपुड्यातला एक पक्षी पक्षितज्ज्ञांच्या नजरेआड राहिला.

तो पक्षी म्हणजे रानपिंगळा. १८७२ मध्ये एफ. आर. ब्लूइट यांना तो आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागात मिळाला आणि पुढच्याच वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याला ब्लूइट यांचेच नाव देऊन त्याची शास्त्रीय नोंद केली. काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. भारतातल्या पक्ष्यांचा अभ्यास हे त्यांच्या आयुष्याचे दुसरे मोठे काम होते. त्यानंतर १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशात, शहादा-तळोद्याकडच्या रानात, आणखी काही रानपिंगळे टिपले. १८८४ नंतर मात्र सगळे थांबले. जगभरच्या संग्रहालयांत मिळून जेमतेम सात कातडी, आणि जिवंत पक्ष्याचा मागमूस नाही. सालिम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ली यांनीही त्याचा शोध घेतला, तो दिसला नाही.

शोधणाऱ्यांपुढे एक मोठा पेच होता. सगळ्यात ताजी नोंद १९१४ ची, म्हणजे गुजरातमधल्या मांडवीची. तेव्हा शोध तिथेच घ्यायला हवा, असे कोणालाही वाटणार.

पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षितज्ज्ञ रिप्लींच्याच प्रकल्पावर, दक्षिण आशियातल्या पक्ष्यांच्या मार्गदर्शक ग्रंथावर, काम करत होत्या. त्यासाठी संग्रहालयांतली कातडी तपासताना त्यांना माइनर्ट्झहागेनच्या पक्ष्यांविषयी संशय येऊ लागला. कातडे सोलून भरण्याची प्रत्येक संग्राहकाची आपली एक पद्धत असते; चीर कुठे द्यायची, सांधे कसे मोकळे करायचे, कापूस किती भरायचा, यात त्याचा हात ओळखू येतो. रासमुसेन आणि त्यांचे सहकारी नायजेल कॉलर यांनी एक्स-रे काढून आणि बारकाईने निरखून दाखवले की मांडवीचा म्हणून ठेवलेला रानपिंगळा मुळात डेव्हिडसनचा होता. माइनर्ट्झहागेनने तो संग्रहालयातून चोरला, कापूस बदलून पुन्हा भरला आणि त्याच्या पायाला नवी चिठ्ठी बांधली. माइनर्ट्झहागेन हा गाजलेला लष्करी अधिकारी, त्याच्या शब्दावर शंका घेण्याचे कोणाच्या मनात येत नव्हते. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत थक्क करते ते हे की, घुबडाचा खरा पत्ता त्या पिसांखालीच होता, शंभर वर्षांहून जुन्या हाताच्या खुणांत.

खोटी नोंद बाजूला सारल्यावर उरल्या त्या जुन्या, प्रामाणिक नोंदी. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी आधी पूर्वेकडच्या जागा पाहिल्या आणि मग ते शहाद्याकडे आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी, सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात, एका निष्पर्ण झाडावर उन्हात बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. डेव्हिडसनने जिथे लिहून ठेवला होता तिथेच. ११३ वर्षे तो तिथे पिल्ले वाढवत होता.

उन्हात बसलेला, हे मुद्दाम सांगायला हवे. बहुतेक घुबडे सूर्य उगवला की पानांत दडी मारतात. रानपिंगळा दिवसा वावरतो. हिवाळ्यातल्या सकाळी झाडाच्या उघड्या फांदीवर बसून तो शेपटी डावी-उजवीकडे झटकत खालच्या जमिनीवर लक्ष ठेवतो. गावातल्या पिंगळ्याएवढाच, पण डोके मोठे, चोच दणकट, डोक्यावर आणि पाठीवर ठिपके जवळजवळ नाहीतच. छातीवर गडद तपकिरी रंग, पोट पांढरे आणि पायांवर दाट पांढरी पिसे. ते पाय शिकाऱ्याचे आहेत. सरडे, सापसुरळ्या, रानउंदीर, प्रसंगी लहान पक्षीही तो उचलतो. सापसुरळी ऊन खायला बाहेर पडते तेव्हाच हाही कामाला लागलेला असतो. म्हणूनच त्याला सागाचे विरळ, पानझडीचे रान मानवते, जिथे ऊन थेट जमिनीपर्यंत पोहोचते.

मात्र विरळ रान म्हणजे तोडलेले रान नव्हे. त्याच्या घरट्याला लागते म्हाताऱ्या झाडाची ढोली, आणि ती त्याला स्वतःला कोरता येत नाही. कुठे सुतार पक्ष्याने कोरून सोडलेली, कुठे मोडलेल्या फांदीच्या जागी लाकूड कुजून झालेली ढोली तो शोधतो. तीच ढोली पोपटाला हवी असते, मैनेला हवी असते, नीळकंठाला हवी असते. एवढी पोकळी तयार व्हायला झाडाला कित्येक दशके वाढावे लागते, आणि ती नाहीशी व्हायला एका दुपारची कुऱ्हाड पुरते. पोकळ, वठलेले झाड सरपणाला सोपे आणि वनखात्याच्या हिशेबात निरुपयोगी, त्यामुळे आधी तेच जाते. रोपवनात सागाची हजार सरळ रोपे उभी राहिली तरी रानपिंगळ्याच्या दृष्टीने तिथे राहायला जागा नसते. वृक्षलागवडीचे आकडे वाचताना मला नेहमी हे आठवते.

वणवे आहेत, शेतीसाठी सरकत जाणारी रानाची हद्द आहे, घुबडाला अपशकुनी मानून किंवा जादूटोण्यासाठी मारणेही आहे. तरी सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा आणि कोरकू माणसांना या पक्ष्याचे शत्रू ठरवून टाकणे मला पटत नाही. ढोलीचे झाड कुठे आहे हे त्यांनाच ठाऊक असते, आणि ते झाड उभे ठेवण्याचे मोल त्यांच्या हाती पडले पाहिजे. त्यांना वगळून या रानात कोणतेही संवर्धन टिकणार नाही.

१९९७ नंतर फरह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी त्याच्या सवयींचा अभ्यास केला. पुढे तोरणमाळ, यावल, मेळघाट आणि मध्य प्रदेशातल्या खंडवा-बैतूलच्या जंगलांतूनही तो आढळला. २०१४ मध्ये तर मुंबईला पाणी देणाऱ्या तानसा तलावाभोवतीच्या अभयारण्यात तो दिसला, सातपुड्यापासून कितीतरी दक्षिणेला, सह्याद्रीच्या कुशीत! या नव्या ठिकाणांमुळे २०१८ मध्ये त्याला ‘अत्यंत संकटग्रस्त’ यादीतून ‘संकटग्रस्त’ यादीत आणले गेले. त्याचा अर्थ पक्षी वाढले असा नाही. ते कुठे आहेत हे आपल्याला थोडे अधिक कळले, एवढाच. प्रौढ पक्ष्यांचा अंदाज अजूनही हजाराच्या आतच आहे आणि तेही रानाच्या सुट्या सुट्या तुकड्यांत विखुरलेले.

तानसा ते डांग आणि डांग ते तोरणमाळ या पट्ट्यात सागाची जंगले आजही आहेत. रानपिंगळे त्यांतल्या एका तुकड्यातून दुसऱ्यात जाऊ शकतात का, वाटेत त्यांना ढोलीची झाडे मिळतात का, यावर त्यांचे पुढचे बरेच काही अवलंबून आहे. हे पाहायला डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी उत्तम. पाने झडलेली असतात आणि पक्षी उन्हात येऊन बसतो. कोणाला तो दिसलाच, तर जागा आणि तारीख नीट लिहून ठेवावी.