मांडवीकाठी सरकत गेलेली राजधानी : सायकलवरून पाहावा असा दहा किलोमीटरांचा इतिहास

पणजी आणि जुने गोवे ही दोन स्थळे आपण सहसा वेगवेगळी पाहतो. सुटीत पाहुणे आले की सकाळी त्यांना जुन्या गोव्याच्या चर्च दाखवायच्या आणि संध्याकाळी पणजीत फिरवायचे, असा बहुतेकांचा शिरस्ता. वस्तुतः ही मांडवीच्या काठाने समुद्राकडे सरकत आलेली एकच राजधानी आहे, आणि तिची वाट आजही शाबूत आहे. पणजीहून रायबंदरमार्गे जुन्या गोव्याला जाणारा हा नदीकाठचा रस्ता जेमतेम दहा किलोमीटरांचा. कदंब पठारावरच्या बगलमार्गाने मोटार हे अंतर काही मिनिटांत कापते, पण मधला सारा इतिहास वगळून. रस्ता जवळजवळ सपाट असल्याने सायकलस्वाराला मात्र तो सावकाश वाचता येतो.

आरंभ पणजीच्या जुन्या सचिवालयापासून करावा. आदिलशाहाचा हा नदीकाठचा वाडा पुढे पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला आणि 1759 मध्ये व्हाइसरॉय तेथे राहावयास आला. पणजीला राजधानीचा अधिकृत दर्जा मिळाला तो 1843 मध्ये. तेथून आल्तिनो टेकडी आणि ओरेंची खाडी यांच्यामधल्या फोंताइन्यस वस्तीत शिरावे. येथल्या अरुंद गल्ल्या मोटारीसाठी घडलेल्याच नाहीत, त्यामुळे रंगीत भिंती, कौलारू छपरे आणि लाकडी सज्जे सायकलवरूनच निवांत पाहता येतात. या घरांत आजही कुटुंबे राहतात, याचे भान ठेवून छायाचित्रे घ्यावीत.

पाटो ओलांडला की या प्रवासातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित टप्पा लागतो. तो म्हणजे पणजी-रायबंदर जोडणारा सुमारे 3.2 किलोमीटर लांबीचा जुना पूल. काउंट ऑफ लिन्हारेस या व्हाइसरॉयच्या कारकिर्दीत, 1633-34 च्या सुमारास, दलदलीतून तो बांधला गेला. राजधानी तेव्हा जुन्या गोव्यात होती. म्हणजे पणजी राजधानी होण्याच्या दोनशे वर्षे आधीपासून हा पूल आहे. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला खारफुटी आणि मिठागरे. जांभ्या दगडाच्या कमानींखालून भरती-ओहोटीचे पाणी ये-जा करते. मोटारीतून हा केवळ एक सरळ रस्ता वाटतो. सायकल थांबवून कठड्याशी उभे राहिले की आपण जमिनीवर नसून पाण्यावर आहोत, हे ध्यानात येते.

रायबंदरच्या नावातच बंदर आहे. येथून चोडण बेटावर फेरीबोट जाते. पक्ष्यांची आवड असणाऱ्यांना सायकल बोटीत चढवून सालीम अली पक्षी अभयारण्य गाठता येते. पुढे जुन्या गोव्याच्या अलीकडे पानेली लागते. रोगराईने ग्रासलेली राजधानी सोडून व्हाइसरॉय 1695 मध्ये येथे राहावयास आले. पणजीच्या दिशेने पडलेले हे पहिले पाऊल. त्याआधी 1683 मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने जवळचे जुवे बेट घेतले, तेव्हाही राजधानी मुरगावला हलवण्याचा विचार झाला होता. एखादे शहर एका कारणाने ओस पडत नाही. साथींनी आणि युद्धाच्या धास्तीने हे शहर शतकभर हळूहळू रिकामे होत गेले.

जुन्या गोव्यात बॉम जीझस बॅसिलिका आणि से कॅथेड्रल सर्वांनाच ठाऊक आहेत. 1986 पासून येथील वास्तू जागतिक वारसा यादीत आहेत. कॅथेड्रलला एकच मनोरा का, याचे उत्तर 1776 मध्ये आहे, त्या वर्षी दुसरा कोसळला. चढावर सेंट ऑगस्टीनच्या मूळच्या सुमारे 46 मीटर उंचीच्या मनोऱ्याचा उरलेला भाग उभा आहे. 1835 मध्ये धर्मसंघ बरखास्त झाले, मठ ओस पडला आणि पडझड सुरू झाली. मनोऱ्याचा मोठा भाग 1931 मध्ये ढासळला. हे अवशेष पाहिल्यावर व्हाइसरॉयच्या कमानीखालून नदीकडे उतरावे. एके काळी शहराचे प्रवेशद्वार रस्त्याकडे नव्हे, तर पाण्याकडे होते, हे तेथे उमगते.

अंगात बळ उरले असेल तर याच धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडीला जावे. बांध आणि मानशींनी खारे पाणी रोखून केलेली खाजन शेती येथे पाहता येते. कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वराचे मंदिर मूळ याच बेटावर होते. सोळाव्या शतकात ते पाडले गेल्यानंतर देव नदीपलीकडे डिचोलीतील नार्वे येथे नेण्यात आला आणि 1668 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी त्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. बेटाच्या दुसऱ्या टोकाहून फेरीबोटीने नार्वेला जाता येते. म्हणजे देवाची वाटही सायकलने धरता येते.

काही व्यावहारिक सूचना. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. दुपारपासून समुद्राकडून वारे सुटतात आणि परतताना ते समोरून येतात, म्हणून पहाटे निघून दुपारपूर्वी माघारी फिरावे. पाणी, टोपी, शिरस्त्राण आणि कुलूप सोबत असावे. चर्चमध्ये आणि मंदिरात जायचे असल्याने खांदे व गुडघे झाकणारे कपडे घालावेत.

खरी अडचण जुन्या पुलाचीच आहे. तो अरुंद आहे आणि वाहनांची वर्दळ मोठी, त्यामुळे लहान मुलांना घेऊन तेथे सायकल चालवण्याचे धाडस होत नाही. बगलमार्ग उपलब्ध असताना रविवारी पहाटेचे काही तास तरी हा पूल सायकली व पादचाऱ्यांसाठी राखणे अशक्य नाही. जवळजवळ चारशे वर्षे उभी असलेली ही वास्तू आपण रोज वापरतो, पण पाहत नाही. आपल्या मुलांना ती दिसावी, तर त्यांना तेथे निर्धास्तपणे थांबता आले पाहिजे.