शीघ्रपतन : तंबूतला वैद्य नको, दवाखान्यात चला

रविवारची वंदना झाली, बचत गटाचा हिशेब झाला, बाया आपापल्या घरी गेल्या. एक जण मात्र विहाराच्या पायरीवर चप्पल शोधल्यासारखं करत थांबली. नर्सची नोकरी सोडून वस्तीत काम करायला लागल्यापासून आम्हाला हे ओळखू येतं. अशी मागे राहिलेली बाई पोटातलं काहीतरी सांगायला थांबलेली असते.

"ताई, यायचं लवकर होऊन जाते. मंग तोंड फिरवून झोपतेत. आता तं पिऊनच येतेत. त्या तंबूतल्या वैद्याले साडेसहा हजार देल्ले. सोयाबीन सोंगल्याचे पैसे होते ते."

या पानावर आपण सिकलसेलवर बोललो, रक्तक्षयावर बोललो, बाळंतपणावर बोललो. आज शीघ्रपतनावर बोलू. मासिक घरात सगळेच वाचतात, त्यात हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. त्यांना एक आठवण करून देतो. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत होते. लैंगिक प्रश्नांवर वाचक त्यांना पत्रं लिहीत आणि ते शास्त्राला धरून उत्तरं देत. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. तेव्हा मुंबईच्या कोर्टात त्यांच्या बाजूने वकील म्हणून बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण लोकांनी असे प्रश्न विचारावेत आणि त्यांना खरं उत्तर मिळावं, ही बाजू बाबासाहेबांनी कोर्टात मांडली. मग आपण आपल्याच मासिकात लाजायचं कशाला?

लाजण्यात आमचाही वाटा आहे, तो आधी कबूल करतो. आम्ही ज्या दवाखान्यात ड्युटी केली, तिथे एखादा पुरुष दबक्या आवाजात असं काही विचारायला आला की स्टाफमध्ये हसू फुटायचं. आम्हीही मान खाली घालून केसपेपर पुढे सरकवायचो. तो माणूस परत यायचा नाही. तो कुठे जायचा, हे बस स्टँडमागच्या भिंतींवरच्या जाहिराती वाचल्या की कळतं.

हा आजार म्हणजे नेमकं काय?

प्रत्येक वेळी 'लवकर झालं' म्हणजे आजार नव्हे. नवीन लग्न असेल, बऱ्याच दिवसांनी जवळ आले असतील, थकवा किंवा धास्ती असेल, तर कोणाचंही लवकर होतं. पाच देशांतल्या जोडप्यांनी घड्याळ लावून वेळ मोजली, तेव्हा मधला आकडा साधारण साडेपाच मिनिटांचा निघाला. मोबाइलवरच्या घाणेरड्या व्हिडिओत अर्धा-अर्धा तास दाखवतात, तो कापून जोडलेला खेळ असतो. त्याच्याशी स्वतःला मोजू नका.

डॉक्टर शीघ्रपतन कशाला म्हणतात? संबंध सुरू होताच साधारण मिनिटभरात, जवळजवळ प्रत्येक वेळी वीर्य बाहेर पडतं. थांबवू म्हटलं तरी थांबवता येत नाही. आणि त्याचा मनाला त्रास होतो. काहींना हे पहिल्यापासून असतं. काहींचं आधी सगळं ठीक असतं आणि मग वेळ कमी होत तीन मिनिटांच्या आत येते. हा दुसरा प्रकार असेल तर मागे दुसरा आजार आहे का, हे बघावंच लागतं. थायरॉइड वाढलेलं असणं, प्रोस्टेट ग्रंथीची सूज, लिंगाला पुरेसा ताठरपणा न येणं ही त्यातली मुख्य कारणं. ताठरपणा कमी होण्यामागे पुष्कळदा साखर किंवा बीपी असतं. म्हणून लाजेपोटी घरी बसलेला माणूस कधी कधी आपला मधुमेहही लपवून बसलेला असतो.

एक गोष्ट मनातून काढून टाका. 'चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब धातू' हे खरं नाही. वीर्य शरीरात सतत तयार होत असतं. हस्तमैथुनाने किंवा झोपेत वीर्य गेल्याने नस कमजोर होत नाही. 'धातू जाते' या भीतीनेच आपल्याकडची पोरं इतकी खचतात की त्या अवस्थेला 'धात सिंड्रोम' असं नाव डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये दिलं. कोणी सांगितलं म्हणून मानू नका, पारखून घ्या, ही तर आपल्याला मिळालेली शिकवणच आहे.

उपचार कोणते?

पहिला उपचार बिनपैशाचा आहे. वीर्य पडेल असं वाटण्याच्या आधीच थांबायचं, अर्धा-एक मिनिट जाऊ द्यायचं, ओढ ओसरली की पुन्हा सुरू करायचं. असं तीन वेळा थांबून मग चौथ्या वेळी होऊ द्यायचं. जेम्स सीमन्स या डॉक्टरांनी १९५६ मध्ये ही पद्धत मांडली. आधी एकट्याने, मग बायकोच्या साथीने सराव करायचा. दुसरी पद्धत अशी की त्या क्षणाच्या आधी लिंगाच्या टोकाखालचा भाग बोटांनी काही सेकंद दाबून धरायचा. तिसरा व्यायाम स्नायूंचा. लघवी मध्येच रोखताना जो स्नायू आवळतो, तो बसल्या बसल्या काही सेकंद आवळायचा आणि सोडायचा. या सगळ्याला काही आठवडे लागतात. चार दिवसांत सोडून देऊ नका. निरोध वापरल्यानेही संवेदना थोडी कमी होऊन वेळ वाढतो, आणि निरोध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो.

दुसरा उपचार बधिर करणारा मलम किंवा स्प्रे. यात लिडोकेन, प्रिलोकेन ही औषधं असतात. संबंधाच्या वीस-तीस मिनिटं आधी थोडासाच लिंगाच्या टोकाला लावायचा आणि नंतर नीट धुऊन टाकायचा. धुतला नाही तर बायकोचीही जागा बधिर होते. जास्त लावला तर स्वतःला काहीच जाणवत नाही. आग किंवा पुरळ आलं तर बंद करायचा.

तिसरा उपचार गोळ्या. मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन वीर्य पडणं लांबवतं, त्यावर या गोळ्या काम करतात. डॅपोक्सेटिन ही गोळी रोज घ्यायची नसते, संबंधाच्या एक ते तीन तास आधी घ्यायची असते. तिने मळमळ, डोकेदुखी, चक्कर येऊ शकते. दारूसोबत घेतली तर माणूस भोवळ येऊन पडू शकतो. हृदयाचा आजार असलेल्यांनी ती घेऊ नये. पॅरोक्सेटिन ही मुळात उदासीवरची गोळी. ती रोज कमी मात्रेत देतात, गुण यायला दोन-तीन आठवडे जातात. तिने झोप येते, कधी इच्छा कमी होते. ती मनाने अचानक बंद करायची नाही. मूल हवं असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांगायचं. या गोळ्यांनी फरक पडतो, पण बऱ्याच जणांना गोळी थांबवली की त्रास परत येतो. म्हणून सरावाची जोड सोडायची नाही.

ताठरपणाही कमी असेल तर डॉक्टर सिल्डेनाफिल देतात. छातीदुखीसाठी जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने ती कधीच घेऊ नये, जिवावर बेतू शकतं. ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची गोळी 'टाइम वाढवते' म्हणून पोरं आपसात देतात. तिची सवय लागते, हात लावू नका. नस कापण्याचं ऑपरेशन कोणी सुचवलं तर उठून या.

जाहिरात हाच पुरावा

शीघ्रपतन बरं करण्याची हमी देऊन औषध विकायला औषध नियमांत मनाई आहे. कामशक्ती वाढवण्याच्या औषधाची जाहिरात तर १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे भिंतीवर 'गॅरंटी' लिहिणारा तिथेच कायदा मोडतो आहे. त्याच्या पुडीत काय असतं? कधी सिल्डेनाफिलचीच भुकटी, कधी स्टेरॉइड, कधी जड धातूचं भस्म. पुडीवर नाव नसतं, बिल मिळत नाही, आणि किडनी बिघडली तर तंबू पुढच्या गावी गेलेला असतो.

सेलूतून कुठे जायचं?

आधी आपल्या ग्रामीण रुग्णालयात. मेडिकल ऑफिसरला एवढंच म्हणा, "माझं वीर्य लवकर पडतं, तपासायचं आहे." साखर, बीपी तिथेच बघतात. पुढची गरज लागली तर वर्ध्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगीचं विनोबा भावे रुग्णालय. तिथे त्वचा व गुप्तरोग किंवा मनोविकार विभागाचा केसपेपर काढायचा. मनोविकार विभागात पाठवलं म्हणजे वेड लागलं असं नाही. धास्ती कमी करणं हाही उपचाराचाच भाग आहे. घरातून निघणं जमत नसेल तर टेलिमानसच्या १४४१६ या नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

माझ्या बहिणींनो, दोन शब्द तुमच्यासाठी. यात तुमचा दोष नाही, त्याचाही नाही. टोमणा मारू नका, पण आजाराच्या नावाखाली मार आणि दारूही सहन करू नका. दारूने हा त्रास बरा होत नाही, उलट ताठरपणा जातो.

पायरीवर थांबलेल्या त्या ताईने नवऱ्याला सांगितलं, "आपण दोघं जाऊ." दोनदा तो वाटेतून परतला, तिसऱ्यांदा आत गेला. तपासणीत साखर वाढलेली निघाली. आता दोन्ही उपचार सुरू आहेत. साडेसहा हजार काही परत आले नाहीत.

आणखी कोणाचे जाऊ नयेत. हा अंक वाचून झाला की घरातल्या पुरुषाच्या हाताला लागेल असा ठेवा. विचारायचं असेल तर रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात असतोच. जय भीम!