दार सगळ्यात शेवटी

घरात पिल्लू आलं की पहिल्या आठवड्यातच कुणीतरी क्रेट घ्यायचा सल्ला देतं, आणि घरातलं एखादं मोठं माणूस विचारतं, ‘मुक्या जिवाला पिंजऱ्यात कशाला कोंडायचं?’ प्रश्न अगदी रास्त आहे. कोंडण्यासाठीच घ्यायचा असेल, तर क्रेट घेऊच नये. पण नीट सवय लावली, की त्याचं दार दिवसातला बराच वेळ सताड उघडं असतं आणि कुत्रं आपणहून आत जाऊन झोपतं.

‘कुत्रा मुळात गुहेत राहणारा प्राणी’ असं क्रेट विकताना हटकून सांगितलं जातं. ते पुरतं खरं नाही. लांडग्याची मादी बिळात किंवा कपारीत विते आणि पिल्लं काही आठवडे तिथं वाढतात. मोठे लांडगे मात्र एरवी उघड्यावरच झोपतात. त्यापेक्षा आपल्या गल्लीतली कुत्री बघावीत. हातगाडीखाली, उभ्या मोटारीखाली, बंद दुकानाच्या पायरीशी त्यांनी निवडलेली जागा पाहिली, तर पाठ कशाला तरी टेकलेली असते, डोक्यावर आडोसा असतो आणि निसटायला वाट मोकळी असते. क्रेटमध्ये टेकू आणि आडोसा आपसूक मिळतो. वाट मात्र आपण बंद करतो. कुत्र्याला जड जातं ते एवढंच, आणि म्हणून दाराची घाई करायची नाही.

कुत्र्याला मान न वाकवता उभं राहता, वळता आणि पाय ताणून झोपता आलं पाहिजे, एवढा क्रेट हवा. पिल्लासाठी मोठा घेतलात तर मधे जाळी लावून जागा कमी करा. नाहीतर ते एका कोपऱ्यात झोपेल आणि दुसऱ्यात शू करेल. ज्याचा तळ नुसत्या तारांचा आहे असा पिंजरा नको, पंजे दुखावतात. तळाला ट्रे आणि त्यावर घरातल्यांच्या वासाची जुनी गोधडी घाला. पिल्लू गोधडीचे धागे ओढून गिळत असेल तर ती काढून घ्या. जागा माणसांच्या वावरातली हवी, म्हणजे हॉलचा कोपरा. उन्हं येणारी गॅलरी नको.

सुरुवातीला दार सुतळीने मागे बांधून ठेवा, म्हणजे ते वाजून पिल्लू दचकणार नाही. आत खाऊ टाका आणि बाजूला व्हा. ते नुसतं डोकं घालून परत आलं तरी चालेल. ढकलायचं नाही, उचलून आत ठेवायचं नाही. मग जेवणाचं भांडं दाराशी ठेवा आणि रोज थोडं थोडं आत सरकवा. ते निवांत आत बसून जेवू लागलं, की जेवता जेवता क्षणभर दार लोटायचं आणि जेवण संपण्याआधी उघडायचं. क्षणाचं मिनिट होतं, मिनिटाची पाच होतात. मग आपण स्वयंपाकघरात जाऊन यायचं, मग जिन्यापर्यंत. आत जाताना गळ्यातला पट्टा काढून ठेवायला विसरू नका, तो तारेत अडकून फास बसू शकतो.

पिल्लू कुईकुई करू लागलं तर ‘रडू दे, आपोआप गप्प बसेल’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मला हा सल्ला मुळीच मान्य नाही. आधी शू लागली आहे का ते बघा, पट्टा लावून बाहेर न्या, न खेळवता परत आणा. तसं नसेल तर आपण एखादी पायरी गाळली आहे, मागे या. रात्री क्रेट आपल्या बिछान्याशेजारी ठेवला की अर्धं रडणं तिथंच थांबतं. आणि चप्पल कुरतडली म्हणून शिक्षा द्यायला क्रेट एकदा जरी वापरला, तरी आधीची मेहनत वाया जाते.

किती वेळ ठेवायचं? पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवून येतील तितके तास ते फार तर शू धरू शकतं. ही धरण्याची कमाल झाली, ठेवण्याची मुदत नव्हे. नवरा-बायको दोघंही सकाळी बाहेर पडून संध्याकाळी येणार असतील, तर क्रेट हा त्यावरचा तोडगा नाहीच. दुपारी येणारं माणूस किंवा कुंपण घातलेली मोकळी जागा हवी. आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं अकरावं कलम पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राण्याला ठेवणं क्रूरता मानतं. कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणंही त्याच कलमात गुन्हा आहे. स्वीडनमध्ये तर कुत्र्याला घरात बंद क्रेटमध्ये ठेवायला एरवी परवानगीच नाही.

आपल्याकडे उन्हाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. कुत्रं मुख्यतः धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर काढतं. पग किंवा शिह त्झूसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तेही नीट जमत नाही. विदर्भातल्या मे महिन्यात, वीज जायची शक्यता असताना, दार बंद करून घराबाहेर पडूच नये.

ही सवय सगळ्यात उपयोगी पडते ती आजारपणात. नसबंदीनंतर टाके भरेपर्यंत किंवा हाड मोडल्यावर कुत्र्याला शांत ठेवावं लागतं. दवाखान्यात रात्र काढावी लागली तर तिथंही पिंजराच असतो. ज्याला क्रेटची ओळख आहे, ते अशा वेळी निम्मं तरी कमी घाबरतं. दिवाळीसाठी श्रावणातच सुरुवात करा. फटाक्यांच्या रात्री तीन बाजूंनी जाड चादर टाका आणि दार उघडंच ठेवा, कारण भेदरलेलं कुत्रं बंद दारावर दात आणि नखं फोडून घेतं. एरवीच्या दिवशीही एकटं राहिल्यावर ते असं करत असेल तर क्रेट वापरणं लगेच थांबवा आणि पशुवैद्यांना दाखवा; ती एकटेपणाची भीती असू शकते, आणि तिच्यावर उपचार आहेत.