गवत कापण्याच्या यंत्राची चकरी फिरत नसेल तर

पावसाळ्यात काटोल, नरखेड, कळमेश्वर या भागांतील संत्र्याच्या बागांत तण पाहता पाहता गुडघाभर वाढते. संत्र्याची अन्न घेणारी बारीक मुळे जमिनीच्या वरच्या थरात असल्याने झाडाखाली खोल खणल्यास ती तुटतात. म्हणून अनेक बागाईतदार नायलॉनच्या दोरीने गवत कापणारे यंत्र वापरतात. भर हंगामात या यंत्राचे इंजिन उत्तम चालते, परंतु दोरीची चकरी जागची हलत नाही, असा प्रसंग पुष्कळदा येतो. अशा वेळी इंजिन उघडणे म्हणजे जुवाची जोती तुटली असता बैलाला औषध पाजण्यासारखे होय. दोष बहुधा इंजिन आणि चकरी यांच्या दरम्यान असतो.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. इंजिन मंद चालत असताना चकरी स्थिर राहणे हा दोष नव्हे. इंजिनला जोडलेल्या क्लचमध्ये स्प्रिंगने आवळलेले दोन गुटके असतात. बहुतेक यंत्रांत मिनिटाला सुमारे ३,५०० ते ४,५०० फेरे झाले म्हणजे हे गुटके वेगामुळे बाहेर फाकतात, भोवतालच्या वाटीला घट्ट टेकतात व तिला फिरवितात. रेस देऊनही इंजिनचा वेग वाढत नसेल, तर मात्र हवेची गाळणी व रेसची तार तपासावी.

वेग वाढूनही चकरी थांबलेलीच असेल तर इंजिन बंद करून स्पार्क प्लगची टोपी काढावी. ही टोपी काढल्यावाचून चकरीला हात लावू नये. बोटे जावयास एक क्षण पुरतो. नंतर चकरी हाताने फिरवून पाहावी. ती अडत असेल तर तिच्या वर, गिअर बॉक्सच्या बुडाशी, हराळीचे व वेलींचे तंतू गुंडाळलेले आढळतात. चकरी काढून ते कापावेत. हा नट बहुतेक यंत्रांत उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेने सैल होतो. जोर करून भलतीकडे फिरविल्यास आटे जातात. चकरी बदलताना अडकविलेली सळई भोकात तशीच राहिली नाही ना, हेही पाहावे.

चकरी फिरते पण कटकट आवाज येतो, तेव्हा गिअरचे दात झिजलेले किंवा तुटलेले असण्याचा संभव असतो. ग्रीसअभावी हे घडते. साधारणतः २५ तासांच्या कामानंतर ग्रीस पाहावे व कमी असल्यास घालावे, मात्र तुडुंब भरू नये.

ती सहज फिरत असेल तर गिअर बॉक्सचे स्क्रू सैल करून तो नळीतून ओढून काढावा व आतील दांड्याचे टोक तपासावे. वाहतुकीसाठी यंत्र सुटे केले असल्यास दांडा पुन्हा खाचेत नीट बसलेला नसतो. टोकाच्या खाचा गुळगुळीत झाल्या असतील तर दांडा बदलणेच बरे. पाठीवरच्या यंत्रात लवचीक तार निसटते किंवा तुटते.

एवढे सर्व ठीक असून रेस देताच जळका वास येत असेल, तर क्लचचे गुटके झिजले आहेत किंवा त्यांवर तेल आले आहे असे समजावे. गुटके नेहमी जोडीनेच बदलावेत. हे काम मात्र मिस्त्रीकडे द्यावे.

दुरुस्तीनंतर यंत्र ओळींमधील मोकळ्या जागेत चालवून पाहावे. दोरीने खोडाची साल सोलली गेल्यास त्या जखमेतून फायटोफ्थोरा बुरशी शिरते व झाडाला डिंक्या लागतो.