आठवी-नववीतल्या मुलांना काय सांगायचं?

गोवंडीच्या शिवाजीनगरमध्ये काही वर्षांपूर्वी क्रिकेटच्या सरावाला जोडून एक वेगळीच शिकवणी चाले. हाती काही कार्डं घेऊन प्रशिक्षक मुलांना गोळा करायचे आणि विषय निघायचे ते शिवीगाळीचे, रागाचे, मुलींशी वागण्याचे, मित्र कुणाची छेड काढत असेल तर आपण काय करायचं याचे. २०१०मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘परिवर्तन’ या उपक्रमाची ही पद्धत. अमेरिकेतल्या अशाच एका कार्यक्रमावरून तो इथे बेतलेला होता. पुढे त्याच वस्तीत मुलींसाठीही तो सुरू झाला, तेव्हा कबड्डीचा खेळ निवडला गेला.

ही निवड फार समजूतदार म्हणायला हवी. कबड्डीत पकड होते, ओढाओढ होते, पाय धरले जातात. पण कुठे, कधी आणि किती वेळ, हे ठरलेलं असतं आणि खेळायला उतरणाऱ्या प्रत्येकीने ते मान्य केलेलं असतं. शिट्टी वाजली की हात सुटतो. संमती म्हणजे काय, हे कळायला मग व्याख्या पाठ करावी लागत नाही.

लहान मुलांसाठी ‘गुड टच, बॅड टच’ आता बऱ्याच शाळांत शिकवलं जातं. मुलांसाठीच्या चाइल्डलाइन या मदतवाहिनीची ‘कोमल’ ही छोटी चित्रफीत तर असंख्य वर्गांत दाखवली गेली आहे. अडचण पुढे येते. सहा वर्षांच्या मुलीला पुरणारा धडा पंधराव्या वर्षी तोकडा पडतो. क्लासचे सर रात्री अकराला ‘झोपलीस का?’ असा मेसेज पाठवतात, आवडणारा मुलगा ‘विश्वास असेल तर पासवर्ड दे’ म्हणतो, आतेभाऊ गमतीगमतीत जवळ येतो. यातलं कुणीच अनोळखी नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलणं झालं होतं. त्यांतल्या ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं, आणि निम्म्या घटनांत अत्याचार करणारा ओळखीचा होता. सोसणाऱ्यांत मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच होते. ‘त्याला काय होतंय, मुलगा आहे तो’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

शिकवण्याची खरी जागा घर आहे, आणि तिथेच उलटा धडा दिला जातो. ‘काकांना पापा दे’, ‘लाजतेस काय, जवळ जा’, ‘मोठ्यांना उलट बोलू नये’. तेरा वर्षांच्या मुलाच्या खोलीत दार न वाजवता शिरायचं, त्याची वही उघडून वाचायची. घरात ज्याचा नकार उद्धटपणा ठरतो, त्याने क्लासमध्ये सरांचा हात ठामपणे बाजूला करावा, ही अपेक्षा कशी करायची? पाहुण्यांना मिठी मारायची की लांबूनच नमस्कार करायचा, एवढं मुलांना ठरवू दिलं तरी पुष्कळ झालं.

शाळांची गोष्ट महाराष्ट्रात विशेष खेदाची आहे. ज्या भूमीत र. धों. कर्वे यांनी १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक शिक्षणाचं मासिक चालवलं, त्याच राज्याने २००७मध्ये शाळांतलं लैंगिक शिक्षण रोखलं. मुलं बिघडतील, ही भीती. युनेस्कोच्या २०१८च्या मार्गदर्शिकेत जगभरच्या अभ्यासांचा आढावा आहे. अशा शिक्षणाने मुलं लवकर शरीरसंबंधांकडे वळत नाहीत, हेच त्यातून दिसतं. २०२४च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरील अत्याचाराच्या घटनेनंतर मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा न्यायमूर्तींनी मुलग्यांना शिकवण्यावर भर दिला. समोरच्याचा नकार ऐकून थांबणं हेसुद्धा शिकवावंच लागतं. ते वयाबरोबर आपोआप येत नाही.

मोबाइलचं प्रकरण वेगळं. खासगी फोटो मागायचा आणि मग तो पसरवण्याची धमकी देऊन पैसे उकळायचे, हा प्रकार मुलग्यांच्याही वाट्याला येतो. अशा वेळी पैसे देऊ नयेत, चॅट पुसू नये, तो पुरावा असतो. १९३० या क्रमांकावर किंवा केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. अठराखालच्या मुलांसाठी ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवाही आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही, त्याची केवळ डिजिटल खूण नोंदवली जाते आणि सहभागी समाजमाध्यमं त्या खुणेवरून फोटो हटवू शकतात. मात्र यातलं काहीही करायला मूल आधी बोललं पाहिजे. ‘फोटो पाठवलासच का?’ हा पहिला प्रश्न आला की ते पुन्हा तोंड उघडत नाही.

पोलिसांत जायला घरं बिचकतात, म्हणून बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या पॉक्सो कायद्यातल्या काही तरतुदी मुलांना आणि पालकांनाही माहीत हव्यात. २०१२चा हा कायदा मुलगा-मुलगी भेद करत नाही. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घेतला जातो, पोलिसांनी त्या वेळी गणवेशात असू नये, मुलाला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही, त्याची ओळख माध्यमांना उघड करता येत नाही. घटना कळूनही न कळवणं हा गुन्हा आहे, मग ते नातेवाईक असोत की मुख्याध्यापक. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. मूल स्वतः फोन करू शकतं आणि शेजारच्या घरातल्या मुलासाठी दुसरं कुणीही.